पळायचे नाही, चालायचे!

पहाटे पर्वती, तळजाई गाठणाऱ्या पुणेकराला चालण्याचे महत्त्व कोणी सांगावे? पण जुलै २०१३ मध्ये बालेवाडीत आशियाई अॅथलेटिक्स स्पर्धा भरली, तीत चालण्याची शर्यतच नव्हती!

कंबर हलवत जाणाऱ्या या स्पर्धकांना आपण हसतो. नियम मात्र कडक : एक पाय सतत जमिनीवर हवा, पुढचा पाय टेकताना गुडघा सरळ हवा. चुकले की पंचांचे लाल कार्ड! २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये केरळच्या के. टी. इरफानने याच बंधनात २० किलोमीटर अंतर १ तास २० मिनिटे २१ सेकंदांत कापले आणि दहावा क्रमांक मिळवला. किलोमीटरला अवघी चार मिनिटे!

घाई झाली की पाय पळू पाहतात; त्यांना चालते ठेवणे हीच खरी शर्यत. आज एकच किलोमीटर असे चालून पाहा. हसू आपोआप ओसरेल.