धूर झाला, अळ्या तिथेच: शाळेच्या आवारातल्या किडींबद्दलचे गैरसमज

शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात बऱ्याच ठिकाणी एक काम ठरलेलं असतं. फवारणीवाल्याला बोलवायचं, भिंतीच्या कडेने, गटाराजवळ, मैदानाच्या काठाने औषध मारून घ्यायचं, की वर्षभराची काळजी मिटली. हेतू चांगलाच असतो. पण कीड जाते चार दिवस, आणि विष उरतं ते पोरं जिथे मांडी घालून बसतात, लगोरी खेळतात, पडलेली चिंच उचलून खातात तिथे. लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतं, जमिनीजवळ वावरतं आणि मातीचे हात तोंडात घालतं. त्यामुळे त्याच फवाऱ्याचा त्रास शिपाईकाकांपेक्षा पहिलीतल्या मुलाला अधिक होऊ शकतो.

शाळेच्या आवारात आधी कीड कशावर जगतेय ते शोधावं, तिचं पाणी, खाणं आणि लपण तोडावं. विष वापरायचंच झालं तर अगदी शेवटी, नेमक्या जागी आणि मुलं नसताना. हे कोणाला अमान्य नसतं, पण प्रत्यक्षात आड येतात ते मनात पक्के बसलेले समज.

त्यातला सर्वांत मोठा समज धुराचा. महापालिकेची किंवा ग्रामपंचायतीची गाडी येऊन धूर सोडून गेली की पालकांनाही हायसं वाटतं. पण धुराने मरतात ते त्या क्षणी उडणारे डास. पाण्यातल्या अळ्यांना त्याने काही होत नाही, आणि दोन-चार दिवसांत त्यांचे नवे डास होतात. शिवाय डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो, सकाळी आणि मावळतीच्या आधी जास्त. धूर बहुतेकदा संध्याकाळी होतो, शाळा सुटून गेल्यावर. साथ सुरू असताना आरोग्य खात्याने धूर करणं समजू शकतं. दर महिन्याला शाळेनेच पैसे मोजून तो करून घेण्यात मात्र मला काही अर्थ दिसत नाही.

एडिसचा खरा पत्ता शोधायला फार लांब जावं लागत नाही. हल्ली कितीतरी शाळांत जुने टायर रंगवून मैदानात अर्धे पुरलेले असतात, मुलांना उड्या मारायला. पाऊस पडला की टायरच्या आतल्या खोबणीत ओंजळभर पाणी साठतं, सावलीत राहतं, लवकर आटत नाही. तिथे वाकून बघा. आपली सावली पाण्यावर पडली की पृष्ठभागाला लोंबकळणाऱ्या बारीक अळ्या वळवळत तळाशी जातात, आणि जरा थांबलात की पुन्हा श्वास घ्यायला वर येतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून साठलेलं पाणी ओतून द्यायचा ‘कोरडा दिवस’ आठवड्यातून एकदा पाळायचा असतो, महिन्यातून एकदा पाळून भागत नाही. आपल्याकडे शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी सुटताना पिंप, बादल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलरच्या टाक्या उपड्या करून ठेवल्या की रविवारभर त्या कोरड्या राहतात. टायरना तळाशी दोन-तीन भोकं पाडली की तो प्रश्न कायमचा सुटतो.

इथेच आणखी एक चूक होते. पाणी ओतून दिलं की झालं, असं वाटतं. पण एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला अंडी चिकटवते आणि ती कोरडी पडूनही काही महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून पिंप आतून काथ्याने किंवा ब्रशने खसाखसा घासावं लागतं. जो हौद रिकामा करताच येत नाही त्याला घट्ट झाकण बसवावं, आणि वापराचं पाणी असेल तर त्यात गप्पी मासे सोडावेत. ते कुठे मिळतील याची चौकशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा हिवताप कार्यालयात करावी. हे मासे परदेशी आहेत, त्यामुळे ओढ्यात, नदीत किंवा तळ्यात सोडायचे नाहीत. आणि उंच गवताने डास होतात म्हणून गवतावर औषध मारणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की डास गवतात दिवसा विसावतात, जन्मतात पाण्यातच. गवत कापावं, फवारू नये.

दुसरा समज जास्त धोक्याचा आहे: ‘ही पावडर तर आमच्या घरीही वर्षानुवर्षं वापरतात.’ पांढरी पावडर म्हटलं की आजही लोक ‘गॅमेक्सिन’ म्हणतात. त्यातलं बीएचसी हे रसायन भारतात १९९७पासून बंद आहे. आज त्या नावाने दुकानदार जे हातात देतो ते भलतंच काही असू शकतं, आणि सुटं, लेबल नसलेलं असेल तर कोणालाच काही सांगता येत नाही. ग्रामीण भागात साप आणि मुंग्यांसाठी कुंपणाच्या कडेने थिमेटचे दाणे टाकायची पद्धत आहे. थिमेट म्हणजे फोरेट, अत्यंत जहाल विष. त्याच्यावर आणि पेस्ट कंट्रोलवाल्यांच्या जुन्या आवडत्या नुवानवर, म्हणजे डायक्लोरव्हॉसवर, ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. कोणाच्या शेतातल्या खोलीत उरलेला डबा शाळेच्या कामी आला, असं होता कामा नये. असा डबा शाळेच्या कपाटात ठेवणंसुद्धा चुकीचंच.

मुंग्या-झुरळं मारायचा खडू हा तर शाळेसाठी अगदीच न शोभणारा प्रकार. त्यात डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिनसारखं कीटकनाशक असतं आणि तो दिसतो हुबेहूब फळ्यावरच्या खडूसारखा. पहिलीतल्या मुलाने त्याने पाटीवर अक्षरं काढली तर त्यात त्याची काय चूक? हा खडू शाळेच्या फाटकाच्या आत येऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मुंग्यांच्या वाटेवर साबणाचं पाणी फिरवणं, सांडलेला गूळ-साखर पुसणं आणि त्या ज्या फटीतून येतात ती सिमेंटने बुजवणं पुरतं.

कीटकनाशकाच्या डब्यावर शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट असते आणि तिचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हिरवा दिसला की ‘सेफ आहे’ म्हणून निर्धास्त होणारे बरेच जण भेटतात. ही वर्गवारी एकदम पोटात गेल्यास किंवा अंगावर पडल्यास किती घातक, यावरून केलेली आहे. हिरवा म्हणजे त्या मोजमापात सर्वांत कमी विषारी. मुलांच्या आसपास कितीही वापरा, अशी परवानगी तो देत नाही. ते औषध रोज थोडंथोडं श्वासात गेलं तर दम्याच्या मुलाचं काय होईल, हे त्या रंगावरून कळत नाही.

मग ‘नैसर्गिक’ वापरू, असं कोणीतरी सुचवतं. शाळेच्या पोषण परसबागेत दहा वनस्पतींच्या पाल्याचा दशपर्णी अर्क फवारायची टूम चांगल्या मनाने निघते. पण दशपर्णीच्या नेहमीच्या यादीत कण्हेर आहे, रुई आहे. कण्हेरीचं पान पोटात गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. तंबाखूच्या काढ्यातलं निकोटिन तर जहालच. कडुनिंबाचं तेल लहान मुलांना पाजल्यामुळे झटके आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. शेतात फवारणी आणि कापणीच्या मधे दिवस सोडता येतात. परसबागेतली पालक-मेथी सकाळी तोडून दुपारच्या खिचडीबरोबर ताटात येते. तिथे मावा दिसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावा, फार पसरला तर साबणाचं पातळ पाणी मारून भाजी पुन्हा धुवावी. पिवळे चिकट सापळे लावावेत. अळ्या चिमट्याने वेचून टाकाव्यात. पाचवी-सहावीच्या मुलांना हे काम आवडतं, आणि पानाच्या खालच्या बाजूला अंडी कशी असतात ते त्यांना पुस्तकापेक्षा इथे लवकर कळतं.

‘नैसर्गिक’ विषाचंच आणखी एक उदाहरण: आवारात मोगली एरंडाचं कुंपण असेल तर ते आधी काढावं. बदामासारख्या दिसणाऱ्या त्याच्या बिया खाऊन शाळकरी मुलांना उलट्या-जुलाब झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा येतात.

उंदीर-घुशींना विषारी वड्या टाकून ‘बंदोबस्त’ करणाऱ्यांना मी एकच गोष्ट सांगेन. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधल्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेतलं जेवण जेवून २३ मुलं दगावली. तपासणीत तेलामध्ये मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. ज्या आवारात रोज मुलांसाठी अन्न शिजतं तिथे विषाचा साठा हा सगळ्यांत मोठा धोका. उंदीर येतात ते ताटं धुतात त्या जागी पडलेल्या शितांसाठी आणि भिंतीला टेकवलेल्या तांदळाच्या पोत्यांसाठी. पोती फळीवर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवली, खरकटं रोजच्या रोज झाकणाच्या डब्यात गेलं, आणि दाराखालच्या फटीला पत्रा बसला की निम्मं काम होतं. लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढी फटही पुरते. उरलेल्यांसाठी पिंजरा. बिळांत टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ओल लागली की प्राणघातक वायू सोडतात. त्या सामान्य ग्राहकाला विकायला बंदी आहे.

उंदीर गेले की सापाचंही येणं-जाणं कमी होतं. फिनाईल, कार्बोलिक ॲसिड टाकल्याने साप येत नाही, हा समज अजून जात नाही. त्याने साप हटतोच असा भरवसा नाही. कार्बोलिक ॲसिडने मुलाची कातडी मात्र नक्की भाजते. नोव्हेंबर २०१९मध्ये केरळमधल्या वायनाडच्या सुलतान बत्तेरीत वर्गातल्या भोकात दडलेल्या सापाच्या दंशाने पाचवीतली मुलगी गेली. तिथे कमी पडलं होतं ते मूठभर सिमेंट. भोकं बुजवा, विटा-लाकडांचे ढीग हलवा, स्वच्छतागृहाच्या वाटेवर दिवा लावा. साप दिसलाच तर मुलांना लांब नेऊन सर्पमित्राला किंवा वन खात्याला कळवा.

आग्या मोहोळाबद्दल थोडक्यात. त्याला फवारून, पेटवून किंवा दगड मारून हलवायचं नाही. चिडलेल्या माश्या शेकड्याने येतात. खालचा भाग दोरीने बंद करावा, तिथली घंटा किंवा प्रार्थना दुसरीकडे न्यावी. या माश्या हंगामानुसार स्थलांतर करतात, पोळं अनेकदा आपणहून रिकामं होतं. थांबणं शक्यच नसेल तर जाणकार माणसाकडून, सुटीच्या दिवशी.

किडींसारखीच तणाचीही गोष्ट. गाजरगवत मारायला तणनाशकच हवं असं नाही. जमीन ओली असताना, फुलावर येण्याआधी मुळासकट उपटलं आणि मोकळ्या जागी टाकळ्याचं बी फेकलं तर टाकळा त्याला मागे सारतो. कोवळा असताना त्याची भाजीही होते. मात्र श्रमदानाच्या तासाला मुलांना उघड्या हातांनी गाजरगवत उपटायला लावणं ताबडतोब थांबायला हवं. त्याने अंगावर पुरळ उठतं, दमा उचल खातो. हे काम मोठ्यांचं, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून.

या सगळ्यावरून ‘शाळेत कधीच कुठलंही औषध नको’ असं कोणी ठरवलं तर तोही गैरसमजच. वर्गाच्या दाराच्या चौकटीला गांधीलमाश्यांचं घर असेल तर ते काढलंच पाहिजे. स्वयंपाकघरातल्या झुरळांना बिजागरीत, फटीत लावायची जेल चालते, कारण ती हवेत उडत नाही. फरक पडतो तो कसं आणि केव्हा करतो यावर. कॅलिफोर्नियात २०००च्या कायद्यानुसार शाळेला फवारणीच्या २४ तास आधी आणि नंतर ७२ तास फलक लावावा लागतो. आपल्या शाळा व्यवस्थापन समितीला हे उद्यापासून करता येईल: कंत्राटदाराकडे कृषी खात्याचा परवाना आहे का ते बघणं, औषधाचं नाव लेबलवरून वहीत उतरवणं, शनिवारी दुपारी मुलं गेल्यावर काम, फळ्यावर सूचना, आणि सोमवारी वर्ग भरण्याआधी बाकं-फरशा ओल्या फडक्याने पुसणं.

तरीही एखाद्या मुलाच्या अंगावर काही उडालं तर कपडे लगेच काढून साबण लावून भरपूर पाण्याने धुवावं. डोळ्यांत गेलं असेल तर १५ मिनिटं स्वच्छ पाणी सोडत राहावं. पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नये. १०८ला फोन करावा आणि मुलाबरोबर तो डबा, निदान त्याच्या लेबलचा फोटो दवाखान्यात न्यावा. कुठलं विष आहे हे कळलं की उपचार ठरवण्यात डॉक्टरांचा वेळ जात नाही.