डिझाइनचे शिक्षण आणि परदेशगमन

आमच्या कळमनुरीस दिवस मावळला की माझ्या ओसरीवर चार मंडळी जमतात. शाळा सुटली, तरी मास्तरकी काही सुटलेली नाही. मध्यंतरी माझा एक जुना विद्यार्थी आला. तो आता हळदीची शेती करतो. म्हणाला, "गुरुजी, पोरगी परदेशात जाऊन डिझाइन शिकायचं म्हणते. नक्षी काढायला शिकण्यासाठी मी वावर गहाण टाकू का?" प्रश्न रोकडा होता. त्यास दिलेले उत्तरच आज आपणांस सांगतो.

डिझाइन म्हणजे नक्षी, ही समजूत प्रथम दूर केली पाहिजे. आपली जुनी तिफण डोळ्यांपुढे आणा. वर चाडे, त्यातून निघणाऱ्या तीन नळ्या, खाली तीन फण. बी सोडणारीचा हात, बैलांची चाल, आणि पुढे ओळींमधून कोळपे फिरेल इतके अंतर, हा सर्व विचार त्या लाकडात उतरलेला आहे. नक्षी मात्र एकही नाही. वस्तू कोण वापरणार, कशी वापरणार आणि मोडल्यास कोण दुरुस्त करणार, याचा आधी केलेला विचार म्हणजे डिझाइन होय. मराठीत यास 'अभिकल्प' असा प्रतिशब्द योजितात.

मग ही विद्या शिकण्यास परदेशी कशाला जावे? याचे उत्तर एका मराठी माणसाच्या चरित्रात सापडते. श्री. सुधाकर नाडकर्णी हे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतून निघून जर्मनीतील उल्म या गावी गेले. तेथील डिझाइनचे विद्यालय १९५३ साली सुरू झाले होते. नाझी राजवटीने १९४३ साली ज्यांना देहदंड दिला, त्या हान्स व सोफी शोल या भावंडांच्या स्मरणार्थ त्यांच्या भगिनी इंगे यांनी इतरांच्या साहाय्याने ते उभारले. तेथे चित्रकौशल्याच्या जोडीस गणित व समाजशास्त्रही शिकवीत. नाडकर्णी १९६६ साली तेथून पदविका घेऊन बाहेर पडले. पदविकेकरिता त्यांनी विषय निवडला तो मुंबईतील दूधविक्रीच्या केंद्राचा! राहत होते डॅन्यूबच्या काठी, पण मनात होती मुंबईची पहाट आणि दुधाची रांग.

अनुदान थांबल्यामुळे उल्मचे विद्यालय १९६८ साली बंद पडले. पुढच्याच वर्षी मुंबईस पवईच्या आय. आय. टी.त औद्योगिक अभिकल्प केंद्र निघाले. त्याच्या उभारणीत नाडकर्णी अग्रणी होते. पुढे गुवाहाटीच्या आय. आय. टी.तील अभिकल्प विभागही त्यांच्याच पुढाकाराने उभा राहिला. एक जण शिकून आला, आणि त्यानंतरच्या शेकडो मुलांची परदेशवारी वाचली.

आता व्यवहार पाहू. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिकवणीचे शुल्क घेत नाहीत. परंतु ज्या प्रांतात उल्म आहे, तेथे २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सहामाहीस १,५०० युरो घेतात. शिवाय व्हिसा मिळविण्यापूर्वी एका वर्षाच्या निर्वाहाची तरतूद दाखवावी लागते. २०२४ साली ती ११,९०४ युरो, म्हणजे दहा लाख रुपयांहून अधिक, ठरविण्यात आली. पदवीचे शिक्षण बहुधा जर्मन भाषेत चालते. प्रवेशाच्या वेळी गुणपत्रिकेइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व विद्यार्थ्याने केलेल्या निवडक कामांच्या संग्रहास असते. त्यास पोर्टफोलिओ म्हणतात. त्यात सुबक चित्रांपेक्षा चुकलेले प्रयत्न व ते कसे सुधारले, हे दाखविणे अधिक मोलाचे असते.

म्हणून मी त्यास म्हणालो, "वावर गहाण टाकू नकोस. पदवीसाठी पोरीला आधी आपल्याच देशातील परीक्षेस बसव." यूसीड नावाची ही प्रवेशपरीक्षा पवईची आय. आय. टी. २०१५ पासून घेते. पदवीनंतर, हात तयार झाल्यावर आणि शिष्यवृत्तीची वाट दिसल्यावर, परदेशाचा विचार अवश्य करावा.

दुसऱ्या दिवशी मुलगी स्वतःच आली. मी विचारले, "बाळ, परदेशी जाताना इथला कोणता प्रश्न बरोबर नेशील?" ती क्षणभर थांबून म्हणाली, "गुरुजी, हळद वेचताना आई दिवसभर उकिडवी बसते. संध्याकाळी तिला सरळ उभं राहवत नाही. त्यासाठी काही करता येईल का?"

श्रोतेहो, मी तिला एक कोरी वही दिली आणि पहिल्या पानावर हाच प्रश्न लिहावयास सांगितले. तिच्या पोर्टफोलिओचा आरंभ तेथून झाला.