ट्रॅक्टरखालचा काळा डाग: तेल नक्की सुटतंय कुठून?



रोहिणी लागल्या, मृगाला आता फार दिवस नाहीत. गेला आठवडाभर मेसेज बियाण्याचे झाले, आज विषय जरा वेगळा आहे. लांब आहे, म्हणून दुपारी सावलीत बसून वाचा. ज्यांच्याकडे जुना मिनी ट्रॅक्टर आहे त्यांनी तर नक्की वाचा, आणि ज्यांच्याकडे नाही पण शेजाऱ्याचा भाड्याने आणता त्यांनीही वाचा, कारण तो बंद पडला की तुमचीही लावणी अडते.

गेल्या बुधवारी सासवण्याला एका काकांकडे भाताच्या बियाण्याची नोंद घ्यायला गेले होते. अंगणात ट्रॅक्टर उभा, आणि त्याच्या पोटाखाली घमेलं. घमेल्यात काळंभोर तेल. काकू म्हणाल्या, "म्हशीखाली बादली लावावी तसं हे रोज लावतात, आणि संध्याकाळी गाळून परत तिलाच पाजतात." हसायला आलं, पण काका हसत नव्हते.

ट्रॅक्टर १८ एचपीचा, तीन सिलिंडरवाला. आधी नाशिककडे द्राक्षबागेत फवारणीला होता, तिथून सेकंडहँड आणलेला. आपल्या खाचरांना आणि वाडीतल्या पोफळींमधून फिरायला असाच लहान ट्रॅक्टर लागतो, मोठा बांधावरून वळतच नाही. गेल्या लावणीपासून तेल गळायला लागलं. थेंब पडत होता इंजिन आणि क्लच हाउसिंगच्या जोडाखाली. मेकॅनिकने वाकून बघितलं आणि सांगितलं, "मागचं ऑइल सील गेलं. ट्रॅक्टर मधनं फोडावा लागेल." खर्च अठरा हजार, आणि आठ-दहा दिवस. काकांनी कांद्याचे आलेले पैसे त्यासाठी बाजूला काढून ठेवले होते.

आता आठ-दहा दिवसांचा हिशेब बघा. राबात भात पेरल्यापासून साधारण २१ ते २५ दिवसांचं रोप लावणीला चांगलं. त्या दिवसांत ट्रॅक्टर गॅरेजात फुटून पडला, तर चिखळणी थांबते आणि रोप म्हातारं होतं. म्हातारं रोप लावलं की फुटवे कमी. म्हणजे तेलाच्या थेंबाचा मार शेवटी भातावर बसतो. म्हणून या विषयात मी नाक खुपसलं. डिप्लोमाला अवजारांचा एक पेपर होता एवढंच माझं शिक्षण, बाकी माझा मामा गॅरेजवाला, सुट्टीत त्याच्याकडे पाने द्यायला बसायचे तेवढा अनुभव.

मेकॅनिक खोटं बोलला असं मी म्हणत नाही. थेंब जिथे लोंबत होता तिथलाच भाग त्याने सांगितला. पण कौलारू घराचा अनुभव आपल्या सगळ्यांना आहे. कौल फुटतं आढ्याजवळ, पाणी वाशावरून धावतं आणि टपकतं पार ओटीवर. ओटीवरची कौलं बदलून गळती थांबते का? इंजिनचंही तसंच. तेल वरून सुटतं, ब्लॉकच्या अंगावरून खाली उतरतं, पंख्याचा वारा त्याला मागे ढकलतो, आणि थेंब पडतो सगळ्यात खालच्या, सगळ्यात मागच्या टोकाला. शोधायची असते ती सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा.

त्याआधी एक गोष्ट. गळतंय ते इंजिन ऑइलच आहे का? पांढऱ्या कागदावर थेंब घ्या. इंजिन ऑइल डिझेल इंजिनात लवकर काळं पडतं, बोटावर काजळीसारखं लागतं. गिअरचं किंवा हायड्रॉलिकचं तेल सहसा मधाच्या रंगाचं असतं, गिअर ऑइलला उग्र गंधकासारखा वास येतो. डिझेल पातळ, वासावरून लगेच कळतं. रेडिएटरचं पाणी रंगीत आणि चिकटसर. क्लच हाउसिंगखालचा थेंब मधाच्या रंगाचा असेल तर दोष गिअरबॉक्सच्या बाजूचा, इंजिनला उगाच हात लावू नका.

मग डिपस्टिक. ट्रॅक्टर सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबून बघा. पातळी खुणेच्या वर असेल तर कोणीतरी तेल जास्त भरलंय, आणि जास्त तेलही सील ढकलून बाहेर येतं. न भरताच पातळी वाढत असेल आणि तेलाला डिझेलचा वास येत असेल, तर पंपातून डिझेल चेंबरात उतरतंय. हे वाईट. पातळ झालेलं तेल गळतंही जास्त आणि बेअरिंगही खातं. तेल ताकासारखं दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलंय. या दोन्हीत इंजिन चालूच करू नका, मेकॅनिकला बोलवा.

काकांचं तेल काळंच होतं, पातळी खालच्या खुणेला टेकलेली. काका म्हणाले, "थेंबभर तर जातंय." मी त्यांना तिथेच आकडा मांडून दाखवला. साधारण वीस थेंबांचा एक मिली. सेकंदाला एक थेंब पडला तर तासाला १८० मिली. आठ तास चिखळणी केली तर जवळजवळ दीड लिटर! या लहान इंजिनात मुळात तेलच तीन-चार लिटर. त्यात खाचरात एक चाक खाली, एक वर, तेल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. ऑइलचा लाल दिवा लागला की मिनिटभर "एवढी फेरी संपवतो" म्हणणाऱ्याचं इंजिन जाम होतं. आणि तो दिवा चालतो का हे कोण बघतं? चावी फिरवली, इंजिन चालू करायच्या आधी, की तो पेटला पाहिजे. काकांचा पेटत नव्हता. बल्ब उडालेला, कधी ते त्यांनाही माहीत नाही.

आता शोध. यात सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे धुणं. मळलेल्या इंजिनवर गळती शोधणं म्हणजे चिखलात पाऊल शोधणं. काकांच्या इंजिनवर तेल, धूळ आणि पेंढ्याची कुटी यांचा बोटभर जाड थर होता. इंजिन पूर्ण थंड असताना लाकडी पट्टीने तो खरवडला, मग ब्रशने थोडं डिझेल लावून सुटा केला, शेवटी साबणाचं पाणी. डायनॅमो, स्टार्टर आणि एअर क्लीनरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधलं. पाण्याचा जोरदार फवारा मारायचा नाही. आणि हे काम विहिरीपासून, गटारापासून लांब, खाली जुना ताडपत्रीचा तुकडा आणि भुसा टाकून. ते घाण तेल वाडीत नको.

तासभर उन्हात वाळू दिलं. नंतर अंगाला लावायची पांढरी पावडर घेतली आणि ब्रशने इंजिनच्या मागच्या बाजूला, जोडांवर, चेंबरच्या कडेला पातळ फुंकरली. काकू बघत होत्या, म्हणाल्या, "आता कुंकू पण लावा." पावडरच घ्या, रांगोळी नको, ती खरखरीत असते आणि सीलमध्ये गेली तर नवीन दुखणं.

पुढचं नीट वाचा. ट्रॅक्टर उघड्यावर, न्यूट्रलमध्ये, पीटीओ बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. चालू इंजिनच्या पंख्याजवळ, पट्ट्याजवळ हात नाही, पंचा नाही, पदर नाही. मी ओढणी काढून ठेवली होती. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरखाली कोणीही शिरायचं नाही. सायलेन्सर तापलेला असतो.

पंधरा मिनिटं इंजिन चालवलं, बंद केलं, आणि बघितलं. डोळा जिथे पोचत नाही तिथे मोबाइल पोचतो. टॉर्च लावून व्हिडिओ चालू करायचा आणि इंजिन बंद असताना मोबाइल मागच्या फटीत सरकवायचा. व्हिडिओत स्पष्ट दिसलं. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पत्र्याच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यातून एक काळी रेघ पावडरमधून खाली उतरली होती, थेट क्लच हाउसिंगच्या जोडापर्यंत. हाउसिंगच्या तळाला जे छोटं भोक असतं, त्यातली पिन आतून कोरडी. मागचं सील गेलं असतं तर तेल त्या भोकातून, आतून आलं असतं. काका दोन मिनिटं मोबाइलकडेच बघत बसले.

कोपऱ्यातलं पॅकिंग सुटलं हे कळलं, पण का सुटलं? इथे बहुतेक जण पॅकिंग बदलतात आणि महिन्यात परत गळती. इंजिनच्या आत थोडा दाब तयार होतच असतो. तो बाहेर जायला ब्रीदरचा पाइप असतो. तो तुंबला की दाब जिथे कमजोर जागा सापडेल तिथून तेल घेऊन बाहेर पडतो. काकांच्या ट्रॅक्टरचा ब्रीदर पाइप खाली लोंबत होता. त्याच्या तोंडात गेल्या पावसाळ्यातला चिखल वाळून बसलेला, आणि उरलेल्या जागेत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं. काडी जाईल एवढीच फट. तार घालून साफ केला, डिझेलने धुतला, तोंड वरच्या बाजूला बांधलं. फक्त एवढ्यानेच गळती निम्म्याहून कमी झाली.

पाइप साफ केल्यावर इंजिन मंद चालू ठेवून तेल भरायचं झाकण जरा उघडून बघितलं. हलकी वाफ, हलका श्वास आला तर ठीक. भकाभका धूर आणि जोराचे धक्के आले तर रिंगा-लायनर झिजलेत, मग कितीही पॅकिंग बदला. काकांच्या इंजिनचा श्वास बरा होता.

पॅकिंग बदलायला अलिबागला जावं लागलं. जुनं पॅकिंग सोबत न्या, नुसतं नाव सांगून आणलेलं बसत नाही. पॅकिंग आणि दोन वॉशर मिळून अडीचशे रुपये. जुनं तर बिस्किटासारखं तुटून आलं. झाकणाची कड सपाट फरशीवर ठेवून बघितली, बोल्ट आवळून आवळून पत्रा वाकलेला, हळूच ठोकून सरळ केला. जागा पुसून कोरडी केली, बोल्ट तिरपे-समोरासमोर थोडे थोडे आवळले. गळतंय म्हणून अजून आवळायचं, ही आपली सवय पॅकिंगला मारते. सिलिकॉनची ट्यूबही टूथपेस्टसारखी फासू नका, जास्तीचं आत तुटून तेलाच्या जाळीत अडकतं.

तुमच्या ट्रॅक्टरची जागा वेगळी असू शकते. ऑइल फिल्टर बदलल्यावर लगेच गळायला लागलं तर जुन्या फिल्टरची रबरी रिंग तिथेच चिकटून राहिली का बघा. प्रेशर स्विच हा दिसायला फालतू पार्ट, पण त्याच्यातून तेल चांगलंच उडतं. ड्रेन बोल्टचा वॉशर, चेंबरचं पॅकिंग, पुढच्या पुलीमागचं सील, हे बाकीचे नेहमीचे. एका सिलिंडरचा ट्रॅक्टर जास्त थरथरतो, त्याचे बोल्ट आधी तपासा. आणि भोकातून खरंच आतून काळं तेल येत असेल, क्लच सरकत असेल, तर मागचं सीलच आहे. मग ट्रॅक्टर फोडायला लागतो, तो आत्ता, मृगाच्या आधी फोडा, जुलैत नाही. फोडलाच आहे तर क्लच प्लेट आणि बेअरिंगही बघून घ्या, दुसऱ्यांदा मजुरी नको.

गळती बंद करणारी औषधं बाटलीत मिळतात. रबर तात्पुरतं फुगवून थोडे दिवस थांबवतात. लावणीच्या मध्येच अडलात तर समजू शकते, पण पॅकिंग वाळून तुटलेलं असेल तर त्याने काहीच होत नाही. घमेल्यातलं तेल गाळून परत भरणं तर बंदच करा. फडक्यातून धूळ आणि धातूचा बारीक कस जातो, तो थेट बेअरिंगमध्ये. काढलेलं तेल खाचरात, खाडीत ओतू नका, कॅनमध्ये साठवून जुनं तेल घेणाऱ्या गॅरेजला द्या.

शनिवारी काकांनी रोटाव्हेटर लावून तासभर चालवलं, कारण काही गळत्या गरम इंजिनवर, लोड आला कीच दिसतात. रात्री खाली पुठ्ठा ठेवला. सकाळी मला फोटो आला, पुठ्ठ्यावर एकच थेंब, तोही पुढे, ड्रेन बोल्टखाली. तो वॉशर आता बदलायचा आहे. घमेलं काकूंनी परत घेतलं.

तुमच्याकडे असा डाग असेल तर आज रात्री पुठ्ठा ठेवा, चारही चाकांच्या जागा खडूने आखा, आणि सकाळी दोन फोटो या नंबरवर पाठवा, एक पुठ्ठ्याचा, एक त्याच्या बरोबर वरच्या भागाचा. नुसता "मॅडम तेल गळतंय" असा मेसेज आला तर मला काही सांगता येणार नाही.

उद्या सकाळी बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया. दहा लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ, काढून ठेवा.