साहेबांचे शिक्षण, कर्मचाऱ्यांची प्रकृती

डोकेदुखी, पित्त, निद्रानाश अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या नोकरदारांना मी हमखास विचारतो, 'तुमचे साहेब कसे आहेत?' प्रश्न अनाठायी नाही. स्वीडनमधील एका विमा कंपनीत वरिष्ठांना वर्षभर, दर पंधरवड्याला दोन तास, ताण व मानसशास्त्राचे धडे देण्यात आले. वर्षअखेरीस त्यांच्या हाताखालील कर्मचाऱ्यांच्या रक्तातील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारे संप्रेरक, कमी झालेले आढळले. कामात निर्णय घेण्याची मोकळीकही वाढली. हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध साहेबांनी घेतले, गुण कर्मचाऱ्यांना आला!

तेव्हा साहेब, हाताखालच्या माणसाला कामचुकार ठरविण्याआधी त्याचे ऐकून घ्या, लहानसहान निर्णय त्याच्यावर सोपवा. मात्र वाचकहो, छातीत दुखू लागल्यास साहेबांना दोष देत बसू नका. तातडीने डॉक्टरांना दाखवा.