ओलीची रेघ

वऱ्हाडात जुनं घर दुरुस्तीला काढायचं म्हटलं की जाणती माणसं सांगतात, दिवाळी होऊ द्या, मग बघू. यात मुहूर्ताचा भाग थोडा आणि पाण्याचा जास्त. अमरावती-अकोल्याकडे वर्षाकाठी साधारण आठशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. चार महिने मातीची भिंत हे पाणी पीत असते. ते बाहेर पडायला किती वेळ लागेल हे भिंतीच्या जाडीच्या वर्गावर ठरतं. जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट, तिप्पट झाली की नऊपट. म्हणून चार इंची भिंत दसऱ्याआधी कोरडी होते आणि दीड फुटी भिंत पौषातही आतून ओलसर लागते.

युरोपातले गवंडी हिवाळ्यात चुन्याला हात लावत नाहीत, कारण ओल्या चुन्यात पाणी गोठलं की तो भुगा होऊन गळतो. आपल्याकडे नेमकं उलटं. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहा-बारा अंशांवर येतो, दुपारी अठ्ठावीस-तीसपर्यंत चढतो. गोठण्याचा प्रश्न नाही, आणि एप्रिल-मेच्या उन्हात नवा लिंपा जसा तासाभरात तडकतो तसाही तडकत नाही. ओला गारा सावकाश सुकायला याहून चांगला काळ नाही. अडचण एकच, माणसं मिळत नाहीत. हेच कापूस वेचणीचे दिवस, पाठोपाठ तूर सोंगणीला येते. सगळी मजुरी शेतात असते. पुण्या-मुंबईची नोकरी आटोपून, किंवा घरून काम करायची मुभा मिळाली म्हणून, आजोबांच्या घरात राहायला आलेल्या मंडळींना हे गणित लवकर उमगत नाही. मग ती तालुक्याहून ठेकेदार आणतात आणि तो पहिल्याच आठवड्यात भिंतींना सिमेंटचा गिलावा मारून देतो. माझ्या मते जुन्या मातीच्या घराचं सर्वात मोठं नुकसान या आठवड्यात होतं.

का, ते समजायला भिंत उभी कशावर राहते ते पाहावं लागेल. मातीत चिकणकण असतात, त्यांच्यामध्ये अतिसूक्ष्म फटी असतात. भिंत वरवर कोरडी दिसली तरी या फटींत थोडं पाणी असतंच, आणि त्याच्या पृष्ठताणामुळे कण एकमेकांकडे ओढले जातात. मातीची ताकद बरीचशी या ओढीत आहे. फटी पाण्याने पूर्ण भरल्या की ताण संपतो आणि कण मोकळे होतात. म्हणून जुनी भिंत ऐन पावसात न पडता कधी कधी पाऊस उघडल्यावर दोन-तीन दिवसांनी बसते. पाणी तोवर पायथ्यापर्यंत मुरलेलं असतं.

याच फटींतून जमिनीतलं पाणी वरही चढतं. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. फटी जितक्या बारीक तितकं ते उंच जातं, आणि मातीच्या फटी फार बारीक. मात्र भिंत उघडी असेल तर चढलेलं पाणी पृष्ठभागावरून उडून जातं, आणि चढणं व उडणं यांचं जिथे जमतं तिथे ओलीची रेघ थांबते, बहुधा घोट्याच्या किंवा गुडघ्याच्या उंचीवर. सिमेंटचा गिलावा दिला की उडण्याची वाट बंद होते. पाणी थांबत नाही, ते उघडी जागा शोधत गिलाव्याच्या मागून आणखी वर जातं. घोट्याची रेघ कमरेला येते. वरून सगळं गुळगुळीत, आणि आत भिंत पायथ्यापासून मऊ होत असते. त्यात सिमेंट ताठर, माती लवचिक. दोघांचं आकुंचन-प्रसरण वेगळं. दोन-चार वर्षांत गिलाव्याचा पापुद्रा सुटतो आणि येताना मातीचा थर सोबत घेऊन येतो.

म्हणून हिवाळ्यातलं पहिलं काम फावड्याचं नाही, पेन्सिलीचं आहे. नोव्हेंबरात भिंतीवर ओल जिथवर दिसते तिथे रेघ ओढावी, शेजारी तारीख लिहावी. पंधरा दिवसांनी पुन्हा, मग पुन्हा. संक्रांतीपर्यंत रेघ खाली उतरत गेली तर पाणी पावसाचं होतं आणि भिंत निरोगी आहे. रेघ हलली नाही तर पाणी कुठून तरी रोज येतं आहे. न्हाणीघराची नाली, अंगणातल्या रांजणाखालची जागा, नळाचा फुटका जोड, शेजाऱ्याचं सांडपाणी. ओल वरून खाली उतरत असेल तर दोष छपराचा. ही तपासणी पावसाळ्यात होत नाही, कारण तेव्हा सगळंच ओलं असतं. उन्हाळ्यातही होत नाही, तेव्हा लहान गळतीसुद्धा दिसण्याआधी उडून जाते.

रेघेच्या वर पांढरी पूड दिसली तर तो लोणा. आणि इथे वऱ्हाडाची स्वतःची एक भानगड आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या तालुक्यांतल्या कितीतरी गावांत जमिनीखालचं पाणी खारं आहे. भिंतीत चढणारं पाणी हे क्षार सोबत घेऊन येतं. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. थंडीतल्या कोरड्या हवेत ते पृष्ठभागाच्या जरा आत, फटींमध्येच स्फटिक होऊन वाढतात आणि वाढताना फटीच्या भिंतींवर दाब देतात. हा दाब माती सहन करू शकत नाही, चांगली भाजलेली वीटही पोपडे टाकते. पावसाळ्यात हवा दमट झाली की स्फटिक विरघळतात, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा वाढतात. दरवर्षी भिंतीचा एक पापुद्रा जातो.

लोणा पाण्याने धुवायचा मोह होतो. धुऊ नये. क्षार विरघळून परत आत शिरतात. कोरड्या कुंच्याने झाडून ती पूड घराबाहेर लांब टाकावी. मग त्या जागी साध्या मातीचा ओला लेप जाड थापावा, पूर्ण सुकू द्यावा आणि खरवडून फेकून द्यावा. लेपातलं पाणी भिंतीतले क्षार विरघळवतं, आणि लेप सुकताना तेच क्षार बाहेर ओढून घेतो. दोन-तीनदा हे केलं की फरक दिसतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गारा कालवायला बोअरचं पाणी वापरू नये. खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्याने लिंपलेल्या भिंतीत आपण स्वतःच्या हाताने मीठ घालतो. शहानूर धरणाचं पाणी, किंवा वान धरणावरच्या चौऱ्याऐंशी खेडी योजनेचं पाणी गावात येत असेल तर तेच साठवून वापरावं. प्यायचं पाणी चिखलात घालायचं म्हणजे घरातल्या बायकांचा जीव वरखाली होतो, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. पण गाऱ्याला लागतं ते पाणी दोन-चार पिंपं, रोजचं नाही.

दुसरी गोष्ट भेगांची. काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातली चिकणखनिजं असतात. त्यांचे पापुद्रे सुमारे एक नॅनोमीटर जाडीचे, आणि दोन पापुद्र्यांच्या मध्ये पाण्याचे रेणू शिरतात तेव्हा ते एकमेकांपासून दूर सरकतात. अशा अब्जावधी पापुद्र्यांची बेरीज म्हणजे पावसाळ्यात फुगणारी आणि चैत्रात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी जमीन. फुगताना ती एकमजली घराचं वजन सहज वर उचलते. जुन्या लोकांनी वस्ती गावठाणाच्या पांढरीवर केली, काळीवर नाही, त्यामागे हेही कारण असणार. पांढरीची माती पिढ्यान्‌पिढ्यांची राख, चुनखडी आणि पडक्या भिंती मुरून तयार झालेली. ती काळीइतकी फुगत नाही. गाव वाढलं तसं नवं घर शेताकडे सरकलं आणि ही अडचण सुरू झाली.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर जाणारी भेग दिसली तर ती उन्हाळ्यात भरू नये. तेव्हा ती सर्वात रुंद असते. गच्च भरली की पावसाळ्यात मिटायला जागा उरत नाही आणि भिंत दुसरीकडे फाटते. हिवाळ्याच्या मध्यावर, जमीन ना फुगलेली ना पूर्ण आटलेली असताना, माती-चुन्याच्या मऊ मिश्रणाने भरावी. आणि भेग भरण्यापेक्षा घराभोवती तीन-चार फूट रुंद मुरूम ठोकून बाहेरच्या बाजूला उतार द्यावा. पायाखालच्या मातीची ओल वर्षभर सारखी राहिली तर ती फुगतही नाही आणि आटतही नाही.

गाऱ्याबद्दल थोडं. नुसती माती लिंपली तर सुकताना आकसून तडकते. त्यात गव्हाचं कुटार मिसळतात. कुटाराचे धागे आकसण्याचा ताण वाटून घेतात, मग एक मोठी भेग न पडता डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडतात. गारा आठवडाभर भिजत ठेवून रोज तुडवायचा, वास मारू लागला की वापरायचा, हीही रीत विनाकारण नाही. कुटार कुजताना सूक्ष्मजीव चिकट शर्करा तयार करतात आणि त्या मातीचे कण बांधतात. शेणातला चोथाही हेच काम करतो. चुन्याचं शास्त्र वेगळं. विरवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी बनतो, पण त्यासाठी भिंत ओलसर असावी लागते. म्हणून हात दिल्यावर निदान पंधरवडाभर पाणी शिंपडायचं.

या सगळ्या शहाणपणात एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. दर सणाला पोतेरं करणं, सारवणं, पडलेला लिंपा परत थापणं हे काम घरातल्या बाईचं होतं, आणि त्याची मजुरी कोणी मोजली नाही. गावातल्या बायकांना सिमेंट हवंसं वाटतं ते अडाणीपणाने नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात २०१६ पासून सपाटीच्या भागात घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात, किमान २५ चौरस मीटरचं पक्कं घर होतं. त्यासाठी कच्चं घर पाडणाऱ्या कुटुंबाला मातीचे गोडवे ऐकवणं हा शहरातून आलेल्यांचा आगाऊपणा आहे. मातीचं घर ठेवायचं असेल तर सारवण्याचा कुंचा घरातल्या पुरुषांनीही हातात घ्यावा.

आता ऊब. दीड फुटी मातीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आतल्या बाजूला पोहोचायला साधारण चौदा तास लागतात, आणि तोवर दिवस-रात्रीतल्या चढउताराचा पन्नासावा हिस्सासुद्धा धड उरत नाही. पाच इंची स्लॅबला तीन-साडेतीन तास, पत्र्याला काही मिनिटं. म्हणजे जाड भिंतीच्या आत तापमान दिवसभराच्या सरासरीशी येऊन थांबतं. जानेवारीत ही सरासरी वीस-एकवीस अंश, म्हणून पहाटे बाहेर दात वाजत असताना माजघरात बरं वाटतं. पण मे महिन्यात अकोल्याची सरासरीच पस्तिसाच्या आसपास असते. तेव्हा मातीची भिंत काही जादू करत नाही. रात्री दारं-खिडक्या उघडून भिंतीतली उष्णता बाहेर काढली तरच दुसरा दिवस सुसह्य होतो. पत्र्याचं उलट. स्वच्छ थंड रात्री तो आकाशाकडे उष्णता फेकून हवेपेक्षाही गार होतो, आतल्या बाफेचं पाणी त्याच्या खालच्या अंगाला जमतं आणि पहाटे अंथरुणावर टपकतं. नवे लोक ही गळती समजून पत्रे बदलतात.

थंडी वाजते म्हणून खिडक्यांच्या फटी बुजवून, कोळशाची शेगडी खोलीत घेऊन झोपणं हे मात्र जिवावर बेतणारं आहे. निखारा लाल झाला, धूर थांबला, की लोक निर्धास्त होतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट धरून ठेवतं. जुन्या घरात कवेलूंच्या फटींतून हा वायू निघून जायचा. आपण दुरुस्तीत पहिल्यांदा त्याच फटी बंद करतो.

राहता राहिलं छप्पर. धाब्याच्या घरावर दरवर्षी मातीचा नवा थर टाकायची पद्धत आहे. दोन-तीन पिढ्यांत हा थर हातभर जाड होतो. हातभर जाडीच्या मातीचं वजन चौरस मीटरला साडेसातशे किलोच्या घरात जातं, म्हणजे दहा बाय बारा फुटांच्या एका खोलीवर आठ टन. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत भूकंप झाला तेव्हा चिखलात बसवलेल्या दगडांच्या भिंती उलल्या आणि असंच वजनदार माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. म्हणून थर टाकण्याआधी जुना थर उतरवावा, आणि तो उतरवताना मयालींची टोकं भिंतीत शिरतात ती जागा टोच्याने तपासावी. कूज आणि उधई दोन्ही तिथूनच सुरू होतात. सागाच्या आतल्या पक्क्या लाकडात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, उधई त्याच्या वाटेला सहसा जात नाही. पांढरट बाहेरच्या लाकडात ते नसतं. मेळघाटच्या सागाची शंभर वर्षांची मयाल बहुधा बाजारातल्या नव्या लाकडापेक्षा चांगली निघते. टोक कुजलं असेल तर तेवढंच कापून जोड द्यावा, सगळी मयाल जळणात टाकू नये.

लाकूड मुळीच मिळत नसेल तर शेजारच्या वर्ध्याकडे पाहावं. तिथे गांधीजी १९३६ मध्ये सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहायला गेले, आणि मातीच्या भिंती व कवेलूंची बापू कुटी आजही लिंपून-सारवून उभी आहे. त्याच वर्ध्यात देवेंद्र कुमार यांनी १९७६ मध्ये ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केलं. तिथल्या कामातून कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या निमुळत्या गुना कवेलूंचं छत पुढे आलं. एकात एक अडकवत त्यांची कमान उभी करायची, वरून लिंपायची. मयाल लागत नाही, लोखंड लागत नाही. वजन कमानीतून खाली भिंतींकडे जातं. पण कमान भिंतींना बाहेर ढकलते, म्हणून खालची भिंत कोरडी आणि ठाम लागते. तिच्यावर पेन्सिलीची रेघ संक्रांतीपर्यंत उतरलेली नसेल तर ते छत पुढच्या हिवाळ्यावर टाकावं.