उसवल्याशिवाय शिवण नाही

बोर्डी-घोलवडच्या किनाऱ्याची हवा चिकूला मानवते, जुन्या मोटारीला नाही. सुरूच्या बनातून येणारा खारा वारा आणि वर चार महिन्यांचा पाऊस. अशा ठिकाणी वाडीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये एखादी जुनी अमेरिकन गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली, की मडगार्डचा गंज येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो. खरी पडझड मात्र दाराच्या आत चाललेली असते. छताच्या कापडाला बुरशी येते, सीटमधल्या कापसात उंदीर पिल्लं घालतात, गोणपाट कुजतं आणि पायाखालच्या पत्र्याची चाळण होते. इंजिन दुरुस्त करणारा मिस्त्री अजून सापडतो, डेंटिंग-पेंटिंगवालाही सापडतो. गाडीचं ‘आतलं’ काम मात्र शिंपी, गादीवाला, सुतार आणि वायरमन या चौघांचं आहे आणि ते बहुधा एकाच माणसाला करावं लागतं.

या गाड्या अमेरिकन म्हटल्या, तरी त्यांतल्या कितीतरी मुंबईतच जोडलेल्या. फोर्डने 1926 मध्ये भारतात कंपनी काढली. 1928 मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला शेव्हरोलेची जुळणी सुरू केली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि क्रायस्लरशी करार करून 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर काढल्या. नावं तीन, डॉज, डिसोटो आणि प्लिमथ. पण पुढची जाळी, नावाच्या पट्ट्या आणि वरचा साज सोडला तर गाडी बरीचशी एकच. आज हे कारागिराच्या पथ्यावर पडतं, कारण एकीच्या दाराचं हँडल किंवा सीटचा सांगाडा दुसरीला चालून जातो. पुढे टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर सरकारने फक्त जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना आवर घातला आणि 1954 मध्ये फोर्ड व जनरल मोटर्स दोघांनीही गाशा गुंडाळला.

रस्त्यावरच्या गाड्या मात्र राहिल्या आणि हातोहात फिरल्या. प्रत्येक मालकाने आपल्या ऐपतीप्रमाणे आणि आवडीप्रमाणे सीटवर नवं कव्हर चढवलं. जुनं काढण्याचा खटाटोप सहसा कोणी केला नाही. म्हणून अशी सीट उघडली की वरचं चकचकीत रेक्झिन, त्याखाली जुनं, चिरलेलं रेक्झिन आणि सगळ्यांत तळाशी कारखान्यातलं कापड, असे थर निघत जातात. 1930-40च्या दशकांत बंद गाड्यांना बहुधा लोकरीचं कापड किंवा मोहेर असे; पन्नाशीत नायलॉन आणि व्हिनाइल आलं. मूळ रंग बघायचा तर सीटच्या वरच्या बाजूला बघून उपयोग नाही, तिथलं कापड उन्हाने उडालेलं असतं. आर्मरेस्टच्या खाली, सीट आणि पाठ मिळतात त्या खाचेत किंवा दाराच्या पॅडमागे दुमडलेल्या काठात बोटभर कापड बचावलेलं असतं. पसंती करायची ती त्या तुकड्यावरून.

म्हणूनच या कामात शिवण्याआधी उसवणं येतं आणि कसब लागतं तेही उसवण्यालाच. सीटचं कापड तारेच्या छोट्या कड्यांनी सांगाड्याला आवळलेलं असतं. ओढून काढलं तर फाटतं, म्हणून पकडीने एकेक कडी कापावी लागते. मग प्रत्येक तुकड्यावर खडूने आकडा घालायचा, वर-खाली, डावं-उजवं लिहायचं, फोटो काढायचे. हे जीर्ण कव्हर म्हणजेच पुढच्या कव्हराचा कागदी साचा. पायपिंग कुठे वळतं, चुणी किती रुंद, टाका किती लांब, हे सगळं त्याच्यावर वाचता येतं. ते कचऱ्यात गेलं की पुढचं सगळं अंदाजपंचे.

सांगाडा उघडा पडला की स्प्रिंगांचा गंज तारेच्या ब्रशने घासायचा, तुटलेल्या स्प्रिंगा बदलायच्या, प्रायमर मारायचा. त्यावर ताणलेलं गोणपाट, गोणपाटावर काथ्याचा थर, त्यावर पिंजलेल्या कापसाची लादी आणि शेवटी कापड. अमेरिकेत बऱ्याच जुन्या गाड्यांत घोड्याचे केस भरत. इकडे काथ्याने तेच काम केलं आणि चांगलं केलं. हल्ली सोपं म्हणून सरसकट फोम भरतात. त्याने सीट फुगीर होते, चुण्यांचा घाट जातो आणि बसणारा चार बोटं वर बसतो. शिवाय किनाऱ्यावरच्या दमट हवेत फोम ओल धरून ठेवतो आणि खालच्या स्प्रिंगा पुन्हा गंजतात.

चार बोटांचा मुद्दा क्षुल्लक नाही. 1935 ते 1950 क्रायस्लरचे अध्यक्ष असलेल्या के. टी. केलर यांचा आग्रह होता की माणसाला डोक्यावर हॅट ठेवून गाडीत बसता आलं पाहिजे. त्यामुळे त्या काळातल्या डॉज-प्लिमथचं छप्पर उंच आणि सीट ऐसपैस. गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या खांबावर असल्याने पुढच्या बाकावर तिघं आरामात मावत. हॅटसाठी आखलेली ही उंची इथे पगडीला, फेट्याला आणि काळ्या टोपीलाही पुरली. सीट उंच भरली की ती सगळी आखणीच बिघडते.

छताचं काम त्याहून नाजूक. आतलं कापड आडव्या तारांच्या कमानींवर टांगलेलं असतं. कापडाला मागून शिवलेल्या नळ्यांतून त्या कमानी जातात. प्रत्येक कमानीची लांबी आणि वाक वेगळा, त्यामुळे काढताना क्रम चुकला तर छत पुन्हा सरळ बसत नाही. कापड मधून कडांकडे ताणत न्यायचं, काठ आधी तात्पुरते अडकवायचे आणि उरलेल्या सुरकुत्या वाफेने काढायच्या. जनरल मोटर्सने 1935 च्या मॉडेलपासून एकसंध पोलादी छत आणलं. त्याआधीच्या गाड्यांत छताचा मधला भाग लाकडी पट्ट्या, जाळी आणि मेणकापडासारख्या आवरणाचा, आणि बॉडीलाही आतून लाकडी चौकट. पाणी झिरपायला आणि वाळवी लागायला आपल्याकडे एवढं पुरे होतं. अशा गाडीत शिंप्याच्या आधी सुतार लागतो.

क्रम चुकवून चालत नाही. आधी गळती शोधायची, काचांची रबरं बदलायची. मग पायाखालचा पत्रा, त्यानंतर वायरिंग. कापडी वेष्टणाच्या जुन्या वायरी वाळून तडकलेल्या आणि उंदरांनी कुरतडलेल्या असतात. त्या तशाच ठेवून वर नवं छत ताणणं म्हणजे आगीला आमंत्रण. इथे आणखी एक ग्यानबाची मेख आहे. त्या काळातल्या डॉज-प्लिमथची वीजव्यवस्था 6 व्होल्टची आणि अर्थिंग पॉझिटिव्ह. ते न बघता आजची 12 व्होल्टची बॅटरी जोडली तर मीटर, दिवे आणि व्हॉल्व्हचा रेडिओ पणाला लागतात. हे निस्तरल्यावर छत, मग दारांची पॅडं, मग गालिचा आणि सीट अगदी शेवटी. हौशी मालकाला मात्र सीट आधी हवी असते.

केंद्र सरकारने 2021 मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ ही वेगळी नोंदणी आणली. तिच्या व्याख्येत चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार नकोत अशी अट आहे. सीटवर काय घालायचं, हे मालकाच्या विवेकावर. इथेच खरा वाद आहे. गाडी डेट्रॉइटच्या शोरूममधल्यासारखी करायची, की कुर्ल्याहून निघून पुढे इथे वापरली गेली तशी ठेवायची? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. कोचासारखं पांढरं लेदर चढवलेली डॉज रॅलीत टाळ्या घेते, पण ती डॉज अशी कधी नव्हती. मूळ कापड मिळत नसेल तर त्याच पोताचं, त्याच रंगाचं साधं कापड घ्यावं, काथ्या-कापूस भरावा, जे पॅड टिकलं आहे ते डागांसकट राहू द्यावं आणि काढलेल्या प्रत्येक थराचा तुकडा नोंदीसह जपावा. पुढच्या कारागिराला तोच उपयोगी पडेल.

आणि अशी गाडी विकत घ्यायला निघालात, तर बॉनेट नंतर उघडा. आधी मागची सीट उचला आणि खाली हात फिरवून बघा. गाडीने किती पावसाळे काढले आणि मालकाने तिला कसं ठेवलं, ते तिथे कळतं. किंमत त्यानंतर बोला.