अंगणातील फुलझाडांची निवड

घरापुढे चार हात मोकळी जमीन मिळाली की माणसाला पहिली आठवण होते ती फुलझाडाची. पण ते झाड कोणते असावे, याचा विचार आपण रोपवाटिकेत जाऊन, फुललेली कुंडी डोळ्यांसमोर आल्यावर करतो. तो आधी करावा असे आम्हांला वाटते. आणि का, हे सांगण्यास घाणेरीसारखे दुसरे उदाहरण नाही.

डोंगरउतारांवर व माळांवर आज माजलेली ही घाणेरी मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ती या देशात आली ती बागेची शोभा म्हणून. तिचा गुच्छ आहेही देखणा. फूल जुने होते तसा त्याचा रंग पालटतो. म्हणून एकाच गुच्छात मधोमध पिवळी आणि कडेला गुलाबी फुले दिसतात. पुढे काळी फळे धरतात. ती बुलबुल खातो आणि बिया दूर नेऊन टाकतो. कुंपणाने झाड अडेल. बुलबुल कसा अडणार? तोडली तरी ती बुंध्यापासून पुन्हा फुटते. तिच्या जाळीखाली गवत नीट वाढत नाही, म्हणजे गुराख्याचे चराऊ रान गेले. आणि भुकेल्या जनावराने तिचा पाला खाल्लाच, तर त्याचे यकृत बिघडते व त्याला ऊनही सोसवत नाही.

तेव्हा परदेशी झाडे अंगणात नकोतच, असे कोणी म्हणेल. ते आम्हांला मान्य नाही. देवपूजेतला खुरचाफासुद्धा अमेरिकेचाच! बोगनवेलही तिकडचीच, १७६६ ते १७६९ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या बूगँव्हील या फ्रेंच दर्यावर्दीचे नाव तिला मिळाले. तिचे जे आपण फूल समजतो ती रंगीत पाने. खरे फूल त्यांच्या आत, इवलेसे, पांढरट. पण या दोहोंना आपल्याकडे बी क्वचितच धरते. फांदी तोडून लावावी तेव्हा नवे झाड होते. लावाल तेथेच ती राहतात. परदेशीपणापेक्षा हा गुण आम्ही अधिक पाहतो.

घरची झाडेही थोडी नाहीत. तामण हे तर महाराष्ट्राचे राज्यफूल. मात्र ओढ्याकाठचे हे झाड पाणी मागते, आणि जागाही. लहान अंगणाला आम्ही धायटी सुचवू. सह्याद्रीच्या उघड्या उतारांवर, भर उन्हात, फेब्रुवारीपासून ती लाल नळ्यांसारख्या फुलांनी लगडते आणि शिंजीर तिच्याभोवती घिरट्या घालतात. बागेत तिला कोणी विचारीत नाही, हे नवलच. तिची फुले जुन्या फांद्यांवर येतात. म्हणून कात्री चालवायची ती फुले सरल्यावर, पावसाच्या तोंडाशी. दिवाळीनंतर छाटली, तर त्या वर्षीची फुले गेली.